हुक्का सुटला आणि पुन्हा लागला

तंबाखूचे मूळ अमेरिका खंडात. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती दक्षिण हिंदुस्थानात उतरली आणि मोगल दरबारात पोहोचली ती आपल्या शेजारच्या विजापूरहून. अकबर बादशहाचा वकील असदबेग १६०४ च्या सुमारास आदिलशाही दरबारातून परतला, तेव्हा नजराण्यात त्याने तंबाखू आणि एक सुरेख चिलीम आणली. तिच्या नळीला रत्ने जडविली होती आणि तोंडाशी येमेनी अकीक बसविला होता. हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेविला आहे. बादशहाने कौतुकाने थोडे झुरके घेतले. हकिमाने ताबडतोब हरकत घेतली. त्याआधी खान-ए-आझम याने सांगितले होते की, ही वस्तू मक्का-मदिनेतही माहीत आहे. पवित्र स्थळांचे नाव घेतले म्हणजे वस्तूला मान मिळतो, ही समजूत तेव्हाही होती! अकबराने सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र घेतली, आणि व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली.

पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखू ओढण्यास मनाई केली. इराणचा शाह अब्बास यानेही तशीच बंदी घातली होती. पण इराणच्या दरबारी असलेला जहांगीराचा वकील खानआलम याला तंबाखूवाचून क्षणभरही चैन पडेना. एका बादशहाचा नोकर, दुसऱ्या बादशहाचा पाहुणा, दोघांचीही बंदी, आणि तरीही हातात चिलीम! ही हकीकत खुद्द जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नोंदविली आहे. मला त्याच्या फर्मानापेक्षा ही नोंदच अधिक मोलाची वाटते. फर्मान इच्छेला आवर घालते. खानआलमची अडचण इच्छेच्या पलीकडची होती.

आता पावणेतीनशे वर्षांनंतरचे इराण पाहू. मार्च १८९० मध्ये नासिरुद्दीन शाहाने मेजर टॅल्बट या इंग्रजाला देशातील सर्व तंबाखूच्या खरेदी-विक्रीचा आणि निर्यातीचा पन्नास वर्षांचा मक्ता दिला. मोबदला होता वर्षाला १५,००० पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा. शेतकरी आणि बाजारातील व्यापारी दोघेही उठले. शिराझ, तबरीझ, इस्फहान येथे चळवळ पेटली. डिसेंबर १८९१ मध्ये समर्रा येथील थोर आलिम मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने तंबाखूच्या वापराविरुद्ध फतवा निघाला. दुकाने बंद झाली, हुक्के बाजूला ठेवले गेले. शाहाच्या जनानखान्यातसुद्धा हुक्का मिळेना, कारण तो भरून देण्यास नोकरच तयार नव्हते. बादशहांच्या फर्मानांना जे साधले नव्हते, ते येथे काही आठवड्यांत घडले. शाहाला मक्ता रद्द करावा लागला आणि कंपनीच्या भरपाईपायी इराणच्या डोक्यावर पाच लाख पौंडांचे कर्ज बसले.

आपली इतिहासाची पुस्तके येथे थांबतात. पण जानेवारी १८९२ च्या अखेरीस फतवा मागे घेतला गेला आणि लोकांनी पुन्हा हुक्के पेटविले. यात त्यांचा दोष नाही. लढा मक्त्याशी होता, तंबाखूशी नव्हता. मक्ता गेला, कारण संपले.

तंबाखूतील निकोटीन जर्मनीत १८२८ मध्येच वेगळे काढले गेले होते. परंतु ते हेरॉइन आणि कोकेनसारखेच व्यसन लावते, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालात स्पष्टपणे मांडले जाण्यास १९८८ साल उजाडले. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि दोनेक तासांत रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून पुन्हा तलफ. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, बेचैनी, झोपमोड तीन-चार आठवडे चालते.

हे मी अनुभवाने सांगतो. बारा वर्षे मी सिगारेट ओढीत होतो. रमजानमध्ये दिवसभर आठवण झाली तरी हात खिशाकडे जात नसे, त्यामुळे आपल्याला व्यसन नाही अशी माझी खात्री होती. मगरिबची अजान झाली, खजूर तोंडात गेला, की दुसऱ्या मिनिटाला मी घराबाहेर! दोनदा रमजानमध्ये सोडली आणि दोन्ही वेळा ईदगाहाबाहेर मित्राने पाकीट पुढे केले. तिसऱ्या वेळी मुद्दाम ईदनंतरचा दिवस निवडला. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचा च्युइंगम घेतला. तलफ आली की पाणी पिऊन मैदानाला एक फेरी मारीत असे. तिसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात एका मुलावर विनाकारण ओरडलो. मधल्या सुट्टीत त्याला बोलावून कारण सांगितले आणि माफी मागितली. तो म्हणाला, ‘‘सर, माझे अब्बापण सोडताना असेच करतात.’’ किती वेळा सोडली, असे मी विचारले. त्याने बोटे मोजली आणि चार सांगितली. पुढच्या पालकसभेला ते आले, तेव्हा आम्ही दोघे मुलाच्या गुणांविषयी थोडे आणि तंबाखूविषयी बराच वेळ बोललो.