कानामागून आला

आमच्या दिवाणखान्यातला सोफा बदलायचा, हा ठराव आमच्या घरात गेल्या तीन गणपतींपासून मंजूर होऊन पडला होता. ठराव मांडला हिने आणि अनुमोदन दिले सोफ्याच्या उजव्या बाजूच्या स्प्रिंगने. ही स्प्रिंग पाहुण्यांना फार वेळ बसू देत नाही, त्यामुळे दुसऱ्या चहाचा खर्च वाचतो, हा माझा युक्तिवाद हिला कधीच पटला नाही. शेवटी यंदा पैसे साठले. आणि नेमका त्याच आठवड्यात माझा भाचा आपला हेडफोन घेऊन आमच्याकडे आला.

"मामा, फक्त पाच मिनिटं ऐका," तो म्हणाला.

मी ऐकले. सवाई गंधर्व महोत्सवात मी वर्षानुवर्षे मंडपाच्या पार टोकाला बसत आलो. तिथून मला तंबोरा नेहमी दिसायचा. त्या दिवशी तो पहिल्यांदा ऐकू आला! पुढच्या पंधरा दिवसांत सोफ्याचे पाय हेडफोनात गेले आणि पाठ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गेली.

अपराध केला की माणसाला इतिहासाची आठवण होते. आपल्या आधी कोणी तरी हेच केले आहे असे दाखवता आले, की पापाची परंपरा होते. मी पुस्तके काढून बसलो, आणि काय सांगू, पहिलाच दाखला साक्षात सोफ्याचा मिळाला! अमेरिकेतल्या मिलवॉकी गावचे जॉन कॉस. लग्नात त्यांना सोफा घेण्यासाठी म्हणून पैसे मिळाले. त्या पैशांतून या गृहस्थाने १९५३ साली दूरचित्रवाणी संच घेऊन ते इस्पितळातल्या रोग्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. पुढे १९५८ साली एका सोबत्याच्या मदतीने त्यांनी सुटसुटीत फोनोग्राफ तयार केला आणि तो एकट्याने ऐकता यावा म्हणून सोबत स्टिरिओ हेडफोन जोडला. प्रदर्शनात लोकांनी फोनोग्राफकडे ढुंकूनही पाहिले नाही. सगळे हेडफोनावर तुटून पडले. घरी संगीत ऐकण्याच्या हेडफोनाचा व्यापार तिथून सुरू झाला.

मी विजयी मुद्रेने हे हिला वाचून दाखवले.

"त्यांनी त्या पैशांतून धंदा काढला," ही म्हणाली. "तुम्ही काय काढलं?"

मी पुस्तकात पुन्हा डोके घातले.

कॉससाहेबांची कथा म्हणजे उत्तरकांड. बालकांड घडले पॅरिसमध्ये. १८८१ साली तिथे विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. क्लेमां आदेर नावाच्या इंजिनिअरने ऑपेरा नाट्यगृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे ध्वनिग्राहक मांडले आणि तारा थेट प्रदर्शनात आणल्या. लोक रांगा लावून दोन कानांना दोन रिसीव्हर धरत आणि गाणारी बाई डावीकडून उजवीकडे चाललेली त्यांना कानांनी 'दिसे'. पुढे याचीच 'थिएट्रोफोन' नावाची वर्गणीची सेवा झाली. मार्सेल प्रूस्त या थोर लेखकाने १९११ साली ती घेतली आणि द्यबुसीचा ऑपेरा घरबसल्या ऐकला. लंडनमध्ये १८९५ पासून अशीच 'इलेक्ट्रोफोन' सेवा होती. वर्गणी वर्षाला पाच पौंड. कानाला लावायचे यंत्र दांडीवर बसवलेले असे, आणि साहेब नि मडमा ती दांडी हातात धरून नाटक ऐकत. नाटक कंटाळवाणे निघाले तर हात आधी दुखत असणार!

आता यातली गोम पाहा. ही मंडळी कानाला यंत्र का लावत? चैन म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून. तारेतून येणारा आवाज इतका क्षीण असे की तो खोलीभर पसरणे शक्यच नव्हते. आवाज आपल्याकडे येत नव्हता, म्हणून कान आवाजाकडे न्यावा लागे. थोडक्यात, अ‍ॅम्प्लिफायर नव्हता म्हणून हेडफोन जन्मला.

त्याला धड रूप दिले नॅथॅनिएल बाल्डविन या यूटामधल्या माणसाने. १९१० साली त्याने आपली जोडी अमेरिकेच्या आरमाराकडे पाठवली. आरमाराने तपासली, पसंत केली आणि भराभर मागणी नोंदवली. बाल्डविनचे म्हणणे पडले, एका वेळी दहांच्यावर जमणार नाहीत. कारण त्याचा कारखाना म्हणजे त्याच्या घरातले स्वयंपाकघर!

"मग स्वयंपाक कुठे करायचे?" हिने विचारले.

इतिहासकारांनी या प्रश्नाकडे लक्ष दिलेले नाही.

अ‍ॅम्प्लिफायर मात्र आपल्या म्हणीप्रमाणे कानामागून आला आणि तिखट झाला. १९०६ साली ली द फॉरेस्टने तीन टोकांचा व्हॉल्व्ह केला. त्यात दुबळा आवाज आत घालून दणकट आवाज बाहेर काढता येतो, हे पुढच्या काही वर्षांत लोकांना कळले. मग कर्णा आला, लाउडस्पीकर आला, कोनाड्यात बसून घरभर बोलणारा रेडिओ आला. १९२५ साली इलेक्ट्रोफोन बंद पडला, १९३२ साली थिएट्रोफोन. संगीत ऐकणाऱ्याने कानावरची यंत्रे काढून ठेवली आणि सगळे घर एकत्र ऐकू लागले.

पण आवाज नुसता वाढवून भागत नाही. दुबळा माणूस एकदम मोठा झाला की त्याचे दोषही मोठे होतात, तसेच आवाजाचे. लांब पल्ल्याच्या टेलिफोनला वाटेत एकामागून एक अ‍ॅम्प्लिफायर लागत आणि प्रत्येकजण मूळ आवाजात पदरची थोडी भर घालून तो पुढे पाठवी. आमच्या सोसायटीत बातमी पहिल्या मजल्यावरून चौथ्यावर जाते, अगदी तशी. हॅरोल्ड ब्लॅक नावाचा बेल प्रयोगशाळेतला तरुण इंजिनिअर यावर अनेक वर्षे डोके फोडत होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी तो बोटीने हडसन नदी ओलांडून कामाला चालला होता आणि त्याला एकदम उत्तर सुचले. हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच आकृती काढली. युक्ती अशी, की बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत द्यायचा. यंत्राने जे पदरचे घातले असेल, ते त्यात कापले जाते. आवाज कमी वाढतो, पण खरा वाढतो. याला 'निगेटिव्ह फीडबॅक' म्हणतात. कल्पना इतकी उफराटी वाटली, की पेटंट मिळायला नऊ वर्षांच्यावर काळ गेला.

मला नवल वाटते ते त्या नऊ वर्षांचे. पेटंट कचेरीतले सगळे साहेब अविवाहित होते की काय? माझे बाहेरचे बोलणे उलटे करून मला परत देण्याचे काम आमच्या घरी लग्नापासून चालू आहे. मी चार पायऱ्या चढून बोललो की ही तीन खाली उतरवते. उंची एका पायरीची उरते, पण ती माझी स्वतःची असते.

असो. सांगायचे ते हे, की ब्लॅकच्या युक्तीने अ‍ॅम्प्लिफायर सज्जन झाला. आणि मग कॉससाहेबांनी हेडफोन पुन्हा संगीताच्या घरात आणला. १९६८ साली जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने 'एचडी ४१४' काढला. त्याच्या पिवळ्या स्पंजातून हवा आरपार जाई, त्यामुळे बाहेरचे जगही थोडे ऐकू येई. पुढे चैनीला धरबंध राहिला नाही. याच कंपनीने १९९१ साली 'ऑर्फियस' काढला, साधारण तीनशे नग. २०१५ साली त्याचा वारस आला. त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरचे घर इटालियन संगमरवराचे, आत आठ व्हॉल्व्ह, किंमत पन्नास हजार युरोंच्या आसपास, आणि आवाजाची धाव एक लाख हर्ट्‌झपर्यंत. माणसाचा कान तरुणपणी वीस हजारांपर्यंत ऐकतो. वरचे ऐंशी हजार बहुधा वटवाघळांसाठी ठेवले असावेत.

गंमत पाहा. अ‍ॅम्प्लिफायर नव्हता म्हणून जन्मलेला हेडफोन आता म्हणतो, मला माझा स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर हवा! माझा हेडफोन तीनशे ओहमचा. त्याला साध्या फोनचा जोर पुरत नाही, असे भाच्याचे मत पडले. म्हणून चार किलोंची पेटी आली. प्रत्यक्षात वॅटच्या हजाराव्या भागात तो कान किटवतो. मुंगीला पाणी पाजायला मी बंब आणला होता.

आणि मग ती संध्याकाळ आली. मी डोळे मिटून ऐकत होतो. ही लाडवांचा डबा काढायला स्टुलावर चढली, पाय सटकला, पडली. तिने चार हाका मारल्या. पाचव्या हाकेला शेजारच्या वहिनी आल्या, त्यांनी हिला उठवले, बर्फ लावला आणि मग येऊन माझा खांदा हलवला. पाय नुसता मुरगळला होता. पण मी जमिनीत गेलो.

"अहो, हेडफोन होता म्हणून..." मी पुटपुटलो.

"होता म्हणून नाही," ही शांतपणे म्हणाली. "तो काढल्यावरही तुम्हाला ऐकू येत नाही. वर्षभर बघतेय मी. वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

कानाच्या डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवले आणि माझ्या कानांना काय लावले असेल? हेडफोन! माझ्यापेक्षा कितीतरी साधा. त्यातून बारीक शिट्ट्या वाजत होत्या म्हणे. आलेख दोन हजार हर्ट्‌झपर्यंत बरा चालला आणि पुढे पर्वतीच्या पायऱ्यांसारखा उतरला. डॉक्टरांनी समजावले, "कानात शंखासारखी नळी असते. तारस्वराच्या पेशी तिच्या अगदी दाराशी. वय झालं की आधी त्या जातात. म्हणून बोलणं ऐकू येतं, पण स, श, फ हे आवाज निसटतात."

मी घरी येताना हिशेब केला. 'सोफा' या शब्दातून स आणि फ गेले की उरते 'ओ' आणि 'आ'. ही मला 'ओ, या!' म्हणून हाक मारते आहे असे मला वाटत राहिले, हा बचाव मी मांडून पाहिला. हिने तो फेटाळला.

आता माझ्या कानांत दोन श्रवणयंत्रे आहेत. शेंगदाण्याएवढ्या जागेत ध्वनिग्राहक, अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन, तिघेही. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यावर सामान्य माणसाच्या हाती तो आधी आला तो अशाच यंत्रातून, १९५२ च्या सुमारास. खिशातला रेडिओ आला त्यानंतर दोन वर्षांनी. ब्लॅकच्या बेल प्रयोगशाळेतच तो जन्मला, हेही ओघाने आलेच. पहिल्या दिवशी मला बांगड्या ऐकू आल्या. फोडणीतली मोहरी ऐकू आली. घरी ऐकण्यासाठी उत्तम यंत्र कोणते, हे शोधता शोधता मला घर ऐकण्याचे यंत्र मिळाले.

चार किलोंची पेटी मी भाच्याला अर्ध्या किमतीत दिली आणि त्यात थोडी भर घालून सोफा आणला. हेडफोन मात्र ठेवला. त्यावर खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ऐकतो. त्या जुन्या तबकड्यांत वरचे स्वर मुळातच फारसे उतरलेले नाहीत, त्यामुळे त्यांची आणि माझ्या कानांची पत्रिका उत्तम जुळते.

काल संध्याकाळी मी चहा करून बाहेर आलो. ही नव्या सोफ्यावर पाय वर घेऊन, हेडफोन लावून, डोळे मिटून बसली होती.

"अहो, चहा!" मी म्हणालो.

तिने डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवले.

"श्श!"

ते मला अगदी स्वच्छ ऐकू आले.