स्पार्क प्लगच्या आट्यांची दुरुस्ती (ट्रक इंजिन)

स्पार्क प्लगच्या आट्यांची दुरुस्ती : इंजिनाच्या हेडमध्ये स्पार्क प्लग ज्या भोकात बसतो, त्याचे आटे झिजले, तुटले किंवा तिरके कापले गेले, तर ते पुन्हा घट्ट व वायुरोधक करण्याची क्रिया. गॅरेजच्या बोलीत या बिघाडाला ‘प्लगचे आटे गेले’ आणि दुरुस्तीच्या एका प्रकाराला ‘बुश मारणे’ म्हणतात.

कोणत्या ट्रकांत : डिझेल इंजिनात इंधन दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते, तेथे स्पार्क प्लग नसतो. त्यामुळे ही दुरुस्ती मुख्यतः सीएनजी ट्रक व पेट्रोलवरील लहान मालवाहू गाड्यांत लागते. ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी टाटा एस २००५ मध्ये आली ती डिझेलवर. तिच्या पुढच्या पेट्रोल व सीएनजी आवृत्त्यांत प्लग आहेत. सीएनजी पेटवण्यास पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टता लागते. म्हणून प्लग वरचेवर तपासावे लागतात, आणि प्रत्येक काढघालीत आट्यांची परीक्षा होते.

रचना व कार्य : प्लगचे आटे बहुधा १४ मिमी. व्यासाचे, १.२५ मिमी. अंतराचे असतात, १२ व १० मिमी. व्यासाचे प्लगही वापरात आहेत. प्लगचे कवच पोलादाचे, तर हेड बहुधा ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. आटे प्लगला धरून ठेवतात. शिवाय प्लगची बरीचशी उष्णता आटे व वॉशर यांतूनच हेडमध्ये जाते. पकड सैल झाली की प्लग जादा तापतो आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू लागते.

कारणे : गरम इंजिनातून प्लग काढणे, पहिलाच आटा तिरका धरणे, लांब दांड्याच्या पान्याने गरजेपेक्षा जास्त आवळणे आणि चुकीच्या लांबीचा प्लग बसवणे ही मुख्य कारणे होत. प्लग लांब असल्यास ज्वलनकक्षात डोकावणाऱ्या आट्यांवर काजळी साचते आणि काढताना ती हेडचे आटे खरवडते. दमट हवेत पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात गंज धरून प्लग जाम होतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे (ता. खेड) येथे ही कारणे एकत्र येऊ शकतात. लोटे परशुराम औद्योगिक क्षेत्र मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. चिपळूणकडून येणारी भरलेली गाडी परशुराम घाट चढून येथे पोहोचते, तेव्हा इंजिन चांगलेच तापलेले असते. मिसफायर झाला, म्हणजे एखाद्या सिलिंडरात मिश्रण पेटले नाही, म्हणून गाडी थांबवून लगेच प्लग काढायला लावणे म्हणजे आटे घालवणे होय. कोकणातला दीर्घ पावसाळा गंजाला पोषक असतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला आलेल्या पुरासारख्या प्रसंगी पाण्यात बुडालेली गाडी चालू करण्यापूर्वी प्लग काढून सिलिंडरातले पाणी बाहेर काढावे लागते. गंजलेला प्लग अशा वेळी घाईने ओढला, तर हेडचेच नुकसान होते.

दुरुस्तीच्या पद्धती : (१) आटे केवळ मळले किंवा किंचित दुखावले असतील, तर ते साफ करणारा टॅप (आटे कापण्याचे हत्यार) फिरवतात. सुरुवातीचेच आटे खराब असल्यास आतून बाहेर कापणारा टॅप बरा, कारण त्याला खालच्या शाबूत आट्यांचा आधार मिळतो. (२) हेलीकॉइल : जुने आटे कापून मोठे आटे पाडतात व त्यात स्टेनलेस पोलादाच्या तारेचे वेटोळे बसवतात. वेटोळ्याला पकडीची शेपटी असल्यास ती तोडून बाहेर काढणे अत्यावश्यक असते. (३) भरीव बुश : आतून-बाहेरून आटे असलेली नळी. हिला वर कॉलर असते आणि खालचे टोक फुगवून ती पक्की करतात. वारंवार प्लग काढावे लागणाऱ्या ट्रकला ही अधिक भरवशाची. (४) भोकाभोवती तडा असल्यास हेड उतरवून वेल्डिंग व यंत्रण करतात, अथवा हेड बदलतात.

दक्षता : सीएनजी गाडीत प्रथम टाकीचा व्हॉल्व्ह व बॅटरी बंद करावी. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने छताखाली साचतो. काम मोकळ्या हवेत करावे. टॅपच्या खाचांत ग्रीस भरावे, म्हणजे कापलेला चुरा त्यात अडकतो. टॅप अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे असा, भोकाच्या रेषेत फिरवावा. पिस्टन खाली ठेवावा. उरलेला चुरा नळीने ओढून घ्यावा. वॉशर टेकण्याची जागा सपाट राहिली पाहिजे, कारण वायू तेथेच अडतो.

नवा प्लग थंड इंजिनात आधी हातानेच बसवावा. १४ मिमी.चा वॉशरवाला प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सुमारे २५ ते ३० न्यूटन-मीटर आवळतात. टॉर्क रेंच नसल्यास हाताने टेकल्यानंतर नवा प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो. आट्यांना तेल लावल्यास तोच जोर अधिक ताण देतो, म्हणून उत्पादकाने सांगितल्याशिवाय ते लावू नये. शेवटी कॉम्प्रेशन तपासावे आणि कोणत्या सिलिंडरला बुश आहे याची नोंद गाडीच्या वहीत करावी. पुढच्या मिस्त्रीला ती लागते.