विभक्त पित्यांसाठी सहपालकत्व आणि मध्यस्थी : कायदा, यंत्रणा व कार्यपद्धती

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने पती-पत्नीचे नाते संपुष्टात येते. पिता आणि अपत्य यांचे नाते मात्र कायम राहते. तरीही विवाह मोडल्यानंतर अनेक पित्यांचे आपल्या मुलांशी असलेले संबंध हळूहळू क्षीण होत जातात, असा न्यायालये, विवाह समुपदेशक आणि मध्यस्थ यांचा अनुभव आहे. सुरुवातीला आठवड्यातून एकदा होणारी भेट महिन्यावर जाते, शाळेच्या प्रगतिपुस्तकाची माहिती मिळेनाशी होते आणि मूल पित्याकडे एखाद्या पाहुण्याप्रमाणे पाहू लागते. ही दुराव्याची प्रक्रिया रोखण्यासाठी देशात न्यायालयीन लढाईखेरीज समुपदेशन, मध्यस्थी आणि पालकत्व आराखडा हे मार्ग उपलब्ध आहेत. त्यांचे स्वरूप, व्याप्ती आणि मर्यादा यांचा हा आढावा.

कायद्याची चौकट

भारतात मुलांच्या ताब्याचा विचार प्रामुख्याने दोन कायद्यांनुसार होतो. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० हा सर्व धर्मीयांना लागू असून, हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम, १९५६ हा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू होतो. याशिवाय हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २६, विशेष विवाह अधिनियम, १९५४ चे कलम ३८ तसेच पारशी आणि ख्रिस्ती समाजासाठीच्या विवाहविषयक कायद्यांतील तरतुदींनुसार, दावा चालू असताना अथवा निकालानंतरही न्यायालय मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबाबत आदेश देऊ शकते. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात लहान मुलाचे संगोपन करण्याचा आईचा अधिकार आणि पित्याचे पालकत्व या दोन स्वतंत्र कल्पना मानल्या जातात.

१९५६ च्या कायद्यातील कलम ६ नुसार पिता हा अज्ञान अपत्याचा नैसर्गिक पालक असून त्याच्यानंतर माता असते. मात्र पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा, असे त्याच कलमात म्हटले आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी दाखल केलेल्या याचिकेवर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ या शब्दांचा अर्थ केवळ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ असा होत नसल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे पिता हयात असला, तरी तो अनुपस्थित असल्यास किंवा मुलाची काळजी घेत नसल्यास माता नैसर्गिक पालक ठरू शकते.

कायद्याने पित्याला दिलेला नैसर्गिक पालकाचा दर्जा म्हणजे ताब्याची हमी नव्हे, ही बाब अनेक पित्यांच्या लक्षात उशिरा येते. याच कायद्याच्या कलम १३ नुसार अपत्याचे हित हाच सर्वोच्च निकष आहे. पिता व माता यांचे परस्परांवरील हक्क त्यानंतर विचारात घेतले जातात. मूल पुरेसे समजूतदार असल्यास १८९० च्या कायद्यातील कलम १७ नुसार न्यायालय त्याची इच्छाही जाणून घेऊ शकते.

ताबा, भेट आणि संपर्क

न्यायालयीन व्यवहारात कायम ताबा, अंतरिम ताबा, भेटीचा हक्क आणि संपर्काचा हक्क असे प्रकार आढळतात. मूल मातेकडे राहत असल्यास पित्याला ठरावीक दिवशी भेट, सुटीत मुक्कामी नेण्याची मुभा, सणासुदीच्या दिवसांची वाटणी आणि दूरध्वनीवरून बोलण्याची सोय दिली जाते. पिता-पुत्र अथवा पिता-कन्या यांची दीर्घकाळ भेट झालेली नसेल, तर पहिल्या काही भेटी न्यायालयाच्या आवारातील बालकक्षात समुपदेशकांच्या देखरेखीखाली घडवून आणल्या जातात.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिलेल्या एका निकालात, लहान मुलाला माता व पिता या दोघांचे प्रेम व सहवास मिळणे आवश्यक असून तो त्याचा मूलभूत मानवी हक्क असल्याचे स्पष्ट केले. आई-वडील वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत राहत असल्यास दूरदृश्य संवाद हे संपर्काचे उत्तम साधन असल्याचेही न्यायालयाने नमूद केले. त्यापूर्वी २०१७ मधील एका निकालात एका पालकाकडून मुलाच्या मनात दुसऱ्या पालकाविषयी दुरावा निर्माण केला जाण्याच्या प्रकाराची न्यायालयाने दखल घेतली होती.

संयुक्त ताब्याची स्पष्ट तरतूद भारतीय कायद्यात नाही. तथापि त्यास मनाईही नाही. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका प्रकरणात वर्षाचे सहा महिने पित्याकडे आणि सहा महिने मातेकडे अशी ताब्याची विभागणी मान्य केली होती. मुलाची शाळा, दोन्ही घरांमधील अंतर आणि आई-वडिलांमधील संवाद या बाबी अनुकूल असतील, तेव्हाच अशी व्यवस्था टिकू शकते.

कुटुंब न्यायालय आणि विवाह समुपदेशक

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ चा मूळ उद्देशच कौटुंबिक वादांत सलोखा घडवून आणणे हा आहे. कलम ९ नुसार तडजोडीसाठी प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य असून, तडजोडीची वाजवी शक्यता दिसल्यास कामकाज तहकूब करता येते. कलम ६ नुसार समुपदेशकांची नियुक्ती होते आणि कलम १२ नुसार वैद्यकीय व समाजकल्याण क्षेत्रांतील तज्ज्ञांचे साहाय्य घेता येते. पक्षकारांपैकी एकाची इच्छा असल्यास कामकाज बंद दालनात चालवावे लागते. वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

विवाह समुपदेशक प्रथम पती व पत्नी यांना स्वतंत्रपणे आणि नंतर एकत्र भेटतात. येथे ‘समेट’ या शब्दाचा अर्थ पुन्हा एकत्र नांदणे एवढाच मर्यादित नसतो. एकत्र येण्याची शक्यता संपली असेल, तर सन्मानाने विभक्त होणे आणि मुलांबाबत एकमत घडवणे, हाही समुपदेशनाचा भाग असतो. कुटुंब न्यायालय नसलेल्या ठिकाणी जिल्हा न्यायालयात अशी प्रकरणे चालतात.

मध्यस्थी कशी चालते

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून अमलात आले आणि न्यायालयाबाहेरील तडजोडीस वैधानिक आधार मिळाला. सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी व समेट प्रकल्प समिती २००५ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी चेन्नई येथे मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात मध्यस्थी केंद्र सुरू झाले. त्यानंतर देशभरातील न्यायालयांत अशी केंद्रे उभी राहिली. मुलांचा ताबा व वैवाहिक वाद हे मध्यस्थीस योग्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नमूद केले, तर फेब्रुवारी २०१३ मध्ये वैवाहिक वाद शक्य तितक्या लवकर मध्यस्थी केंद्राकडे पाठवावेत, असे निर्देश दिले. जुलै ते सप्टेंबर २०२५ या काळात राबवण्यात आलेल्या देशव्यापी मध्यस्थी मोहिमेतही वैवाहिक वादांचा समावेश होता.

मध्यस्थ हा न्यायाधीश नसतो. तो निर्णय देत नाही, कोणाची चूक आहे हे ठरवत नाही आणि तोडगा लादत नाही. पहिल्या बैठकीत तो प्रक्रियेचे नियम समजावून सांगतो. पुढे संयुक्त व स्वतंत्र बैठका होतात. स्वतंत्र बैठकीत सांगितलेली गोष्ट संबंधिताच्या संमतीवाचून दुसऱ्या पक्षाला कळवली जात नाही. एकमत झाल्यास लेखी करार तयार होतो, दोन्ही पक्ष त्यावर स्वाक्षऱ्या करतात आणि तो न्यायालयापुढे सादर केला जातो. एकमत न झाल्यास प्रकरण न्यायालयाकडे परत जाते. मध्यस्थी अयशस्वी ठरली, एवढीच माहिती न्यायालयास दिली जाते.

गोपनीयतेच्या या तत्त्वाला मुलांच्या बाबतीत एक अपवाद आहे. मध्यस्थीदरम्यान समुपदेशकाने मुलाशी बोलून तयार केलेला अहवाल ताब्याच्या वादात विचारात घेता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. मुलाची खरी मनःस्थिती न्यायालयाला कळावी, हा त्यामागील हेतू आहे.

मध्यस्थी अधिनियम, २०२३ ने या क्षेत्रासाठी स्वतंत्र कायदा अस्तित्वात आला. त्याची काही कलमे ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू करण्यात आली. दावा दाखल करण्यापूर्वी स्वेच्छेने मध्यस्थी, १२० दिवसांची मुदत व संमतीने आणखी ६० दिवसांची मुदतवाढ अशा तरतुदी या कायद्यात आहेत.

पालकत्व आराखडा

मध्यस्थीतून निघणाऱ्या करारातील मुलांविषयीचा भाग म्हणजे पालकत्व आराखडा. ‘पित्याने सोयीनुसार मुलाला भेटावे’ असे मोघम वाक्य पुढील वादाचे मूळ ठरते, कारण सोय नेमकी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. म्हणून आराखड्यात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात :

- मुलाला भेटण्याचे वार, वेळा, ठिकाण आणि ने-आण करण्याची जबाबदारी.
- दिवाळी, गणेशोत्सव, ईद, नाताळ यांसारखे सण, उन्हाळी सुटी आणि मुलाचा वाढदिवस यांची वाटणी.
- शाळा, शिक्षणाचे माध्यम, वैद्यकीय उपचार व पारपत्र यांविषयीचे निर्णय कोणी व कसे घ्यावेत.
- प्रगतिपुस्तक, पालकसभा आणि आजारपण यांची माहिती दोघांनाही मिळण्याची व्यवस्था.
- दूरध्वनी व दूरदृश्य संवादाची वेळ.
- आजी-आजोबा व इतर आप्तांच्या भेटी.
- एखादी भेट चुकल्यास तिची भरपाई, तसेच एका पालकाची बदली झाल्यास द्यावयाची पूर्वसूचना.

मुलाच्या वयानुसार आराखडा बदलावा लागतो. तान्ह्या बाळासाठी थोड्या वेळाच्या पण वारंवार भेटी उपयुक्त ठरतात, तर दहावीत शिकणाऱ्या मुलाच्या शिकवणीचे वेळापत्रक पाहूनच भेटीचा दिवस ठरवावा लागतो. संमतीने दिलेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील करता येत नाही. परंतु मुलांविषयीच्या अटी परिस्थिती बदलल्यास न्यायालयाकडून सुधारून घेता येतात. ताब्याचा कोणताही आदेश अंतिम मानला जात नाही.

पोटगी आणि भेट

मुलाच्या पालनपोषणाचा खर्च आणि मुलाची भेट या दोन स्वतंत्र बाबी आहेत. भेट होऊ दिली जात नाही म्हणून पोटगी थांबवणे, किंवा पोटगी थकली म्हणून भेट नाकारणे, या दोन्ही कृती मुलावर अन्याय करणाऱ्या आहेत. पोटगी थांबवणाऱ्या पित्याचे न्यायालयातील स्थानही त्यामुळे दुबळे होते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सादर करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये बंधनकारक केले.

भेटीचा आदेश पाळला जात नसेल, तर पित्याने प्रत्येक चुकलेल्या भेटीची तारखेनिहाय नोंद ठेवून त्याच न्यायालयात अंमलबजावणीसाठी अर्ज करावा. आदेशाचा हेतुपुरस्सर भंग झाल्यास न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. मुलाला परस्पर उचलून नेणे किंवा त्याच्या शाळेत जाऊन वाद घालणे हे मार्ग मात्र पित्याच्याच विरोधात जातात.

मध्यस्थीच्या मर्यादा

दोन्ही पक्ष भीतीविना बोलू शकतील, तरच मध्यस्थी सार्थ ठरते. कौटुंबिक हिंसाचार, मुलाचे शोषण अथवा व्यसनाधीनता यांचा प्रश्न असल्यास सुरक्षिततेला प्राधान्य द्यावे लागते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ नुसार, भेटीमुळे मुलाला अपाय होण्याची शक्यता असल्यास दंडाधिकारी ती नाकारू शकतात.

परदेशी वास्तव्य करणाऱ्या कुटुंबांपुढील अडचण निराळी आहे. एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेलेल्या मुलांसंबंधीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. त्यामुळे अमेरिकेत अथवा ब्रिटनमध्ये नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांतही असा वाद उद्भवल्यास भारतीय न्यायालये प्रत्येक प्रकरणात मुलाच्या हिताचा स्वतंत्रपणे विचार करतात. अशा वेळी सामंजस्याने झालेला करार अधिक मोलाचा ठरतो.

विधी आयोगाच्या शिफारशी

न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विसाव्या विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपला २५७ वा अहवाल सादर केला. नैसर्गिक पालक म्हणून माता व पिता यांना समान दर्जा द्यावा, संयुक्त ताब्याची तरतूद करावी आणि मध्यस्थी व पालकत्व आराखड्याला कायद्यात स्थान द्यावे, अशा शिफारशी त्यात होत्या. माता व पिता यांच्यातील भेदभाव दूर करण्याची शिफारस आयोगाने १९८९ च्या १३३ व्या अहवालातही केली होती.

साहाय्य कोठे मिळते

दावा दाखल करण्यापूर्वीच तडजोडीचा प्रयत्न करावयाचा असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. दावा प्रलंबित असल्यास प्रकरण मध्यस्थीकडे पाठवण्याची विनंती न्यायालयाला कोणत्याही टप्प्यावर करता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला व बालके यांना उत्पन्नाचा विचार न करता मोफत विधी साहाय्य मिळते. पित्यांना मात्र उत्पन्नमर्यादा, अनुसूचित जाती-जमाती, अपंगत्व, औद्योगिक कामगार अशा निकषांपैकी एखादा पूर्ण करावा लागतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर प्राथमिक मार्गदर्शन उपलब्ध आहे.

न्यायालयीन वाद वर्षानुवर्षे चालू शकतो. मुलाचे बालपण मात्र तेवढा काळ थांबत नाही. पाच वर्षांच्या मुलाचा खटला निकाली निघेपर्यंत ते दहा वर्षांचे झालेले असू शकते. त्यामुळे भेटीचा अंतरिम आदेश लवकरात लवकर मिळवणे, मिळालेली प्रत्येक भेट वेळेवर पाळणे आणि मुलासमोर त्याच्या आईविषयी अपशब्द न काढणे या तीन गोष्टी पित्याच्या हाती असतात. पुढे न्यायालय जेव्हा मुलाच्या हिताचा विचार करते, तेव्हा पित्याचे हे आचरणही त्याच्यासमोर असते.