काचेतला समुद्र आणि लपवलेला सांडवा

घनाकृती काचपेटी, तिच्या मध्यभागी प्रवाळांचा खडक आणि त्या खडकाच्या पोटात पाणी खाली नेणारा, बाहेरून न दिसणारा मनोरा ही समुद्री मत्स्यालयाची रचना हौशी लोकांच्या घरी गेल्या काही दशकांतच रूढ झाली असली, तरी तिच्या मुळाशी असलेला विचार एकोणिसाव्या शतकातील आहे. मत्स्यालयाचा इतिहास सहसा ज्या निसर्ग-अभ्यासकांच्या नावे सांगितला जातो, त्यांच्याकडे मात्र या विचाराचे श्रेय जात नाही. ते पाणी खेळते ठेवण्याची व्यवस्था उभारणाऱ्या एका माणसाकडे जाते.

समुद्री जीव काचेत ठेवून पाहण्याचे आरंभीचे प्रयत्न विखुरलेले होते. सिसिलीतील मेसिना येथे जान व्हिलप्रो-पॉवर यांनी १८३० च्या दशकात आर्गोनॉट या अष्टपादाच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या बनवून घेतल्या. इंग्लंडमध्ये १८४५ मध्ये काचेवरील कर उठल्यावर काच स्वस्त झाली, आणि पुढच्याच वर्षी ॲना थिन यांनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून कठीण सांगाड्याचे प्रवाळ लंडनला नेले. समुद्राचे पाणी वारंवार आणणे शक्य नसल्याने तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहण्याचे काम त्यांची मोलकरीण करी, आणि हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळत असल्याने प्रवाळ जगत. पुढे त्यांनी या पाण्याला समुद्री शेवाळाची जोड दिली. मत्स्यालयाच्या इतिहासात त्या मोलकरणीचे नाव कुठे येत नाही. पण आज पंप जे काम करतो, त्याची पहिली कर्ती तीच होय.

रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्यास एकाचा उत्सर्ग दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, असा समतोलाचा सिद्धान्त मांडला. फिलिप हेन्री गॉस यांच्या लेखनामुळे तो घरोघर पोहोचला, तर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडले. सिद्धान्त आकर्षक होता, पण अर्धाच खरा होता. कारण लहान पेटीत एखादा जीव मेला, की कुजण्यातून निघणारा अमोनिया सगळ्या पाण्याला विषारी करी आणि वनस्पतींचा समतोल त्यापुढे टिकत नसे. दिवाणखान्यातील या पेट्यांची लाट ओसरली, यात नवल नाही.

समुद्री जीवांचा व्यापार करणाऱ्या विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. प्राणी दिसतात तेथील पाणी आणि पाणी राखले जाते ते ठिकाण, ही दोन्ही वेगळी असावीत, हा त्यांचा आग्रह. हॅम्बर्ग येथील १८६४ च्या आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील १८७१ च्या मत्स्यालयात त्यांनी प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा, अंधारा आणि थंड हौद जमिनीखाली बांधला. पंपाने वर चढवलेले पाणी टाक्यांच्या काठावरून सांडत पुन्हा हौदात उतरे. पाण्याचा साठा मोठा असल्याने एका प्राण्याच्या मृत्यूने त्याचे रसायन लगेच बिघडत नसे, आणि अंधारामुळे पाणी हिरवे करणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला वाढायला प्रकाश मिळत नसे. आज घरच्या काचपेटीखालच्या कपाटात असते ती ‘सम्प’ नावाची दुसरी टाकी हे त्याच तळघराचे लहान रूप आहे.

हे तळघर घरात यायला मात्र शंभरहून अधिक वर्षे लागली. पुटीने काच बसवलेली लोखंडी चौकट खाऱ्या पाण्यात गंजे, आणि गंजाबरोबर उतरणारे धातू अपृष्ठवंशी जीवांना मारत. १९६० च्या दशकात सिलिकोनचा गोंद आल्यावर काच काचेलाच चिकटवता आली आणि चौकटीची गरज संपली. १९६१ मध्ये इंडोनेशियाच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडकाची, म्हणजे जिवाणू आणि सूक्ष्मजीव वसलेल्या सच्छिद्र प्रवाळखडकाची पद्धत प्रसिद्ध केली, ज्यात समतोलाची जुनी कल्पना वनस्पतींऐवजी जिवाणूंच्या आधारे पुन्हा उभी राहिली. जर्मनीतील हौशी लोकांनी तिला प्रथिने वेगळी करणाऱ्या ‘स्किमर’ची जोड दिली. या यंत्रात सेंद्रिय मळ हवेच्या बारीक बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर बाहेर पडतो. जॉर्ज स्मिट यांनी १९८६ मध्ये अमेरिकी मासिकातून लिहिलेल्या लेखमालेने खालची गाळणी आणि वरचा सांडवा यांची जोडी तेथील घरांत लोकप्रिय केली.

सांडवा टाकीच्या मध्यभागी नेण्याचे कारण घनाकृतीतच आहे. लांबट टाकी भिंतीला टेकते, त्यामुळे तिचा सांडवा मागे लपतो. घन चारही बाजूंनी पाहण्यासाठी असतो आणि कोपऱ्यातील सांडवा त्याच्या दोन बाजू झाकतो. मध्यभागी चौकोनी मनोरा ठेवून भोवती खडक रचला, की तो दिसत नाही आणि पाणी चारही काठांवरून आत पडते. या दुसऱ्या लाभाचे मोल मोजता येते. गिरण्यांना द्यायचे पाणी मोजण्यासाठी जेम्स फ्रान्सिस यांनी लॉवेल येथे बांधांवर केलेले प्रयोग १८५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या सूत्रानुसार तासाला २,००० लिटर पाणी १५ सेंटिमीटर बाजूच्या मनोऱ्यात चारही काठांवरून उतरले, तर काठावर त्याची जाडी साधारण ६ मिलिमीटर राहते, आणि एकाच काठावरून उतरले तर सुमारे १६. थर जितका पातळ, तितका पृष्ठभागावरील स्निग्ध पापुद्रा चांगला ओढला जातो. हा पापुद्रा साचला तर हवा आणि पाणी यांतील वायूंची देवघेव मंदावते. मासे आत जाऊ नयेत म्हणून काठाला दाते कापले, की वाहण्याची लांबी घटते आणि पातळी चढते, हे आरेखन करणारे पुष्कळदा विसरतात.

मनोऱ्यातून पाणी खाली उतरवणाऱ्या नळीची घरघर हा या व्यवस्थेचा जुना उपद्रव. पूर्ण भरलेली आणि झडपेने नियंत्रित केलेली एक नळी सायफनसारखी शांत वाहू देणे व दुसरी कोरडी नळी गाळाने पहिली तुंबल्यास उपयोगी पडेल अशी ठेवणे, हा त्यावरचा सर्वांत समजूतदार तोडगा ठरला. वीज गेल्यावर काठावरचा थर खाली येतो. ६० सेंटिमीटर बाजूच्या घनात तो दोन लिटरांहून थोडा अधिक असतो, आणि परतीच्या नळीतून पंपामार्गे उतरणारे पाणी त्यात मिळवून सम्पमध्ये तेवढी रिकामी जागा ठेवावी लागते. नळ्यांसाठीची भोके तळाच्या काचेत पाडायची असल्याने ती काच कडक केलेली नसावी, कारण कडक काच छिद्र पाडताच फुटून तिचा चुरा होतो. पाणी भरल्यावर दोनशे किलोंहून अधिक भार या तळावर येतो, म्हणून त्याखालचा आधार सपाट आणि अखंड लागतो. मनोऱ्याभोवती खडक दाटीने रचला, तर त्याच्या आडोशाला साचणारा गाळ काढता येत नाही, हा या रचनेचा खरा दोष. हात शिरेल एवढी फट सोडणारा आरेखकच पुढे सुखी राहतो.

भारतात हा खडक कशाचा करायचा, हा प्रश्न कायद्याशी जोडलेला आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले, तेव्हा प्रवाळांच्या संग्रहावर आजच्यासारखी बंदी नव्हती. २००१ मध्ये खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत झाला, त्यामुळे मालवणच्या किनाऱ्याजवळील प्रवाळ असो की मन्नारच्या आखातातील, तो पाण्यातून उचलून पेटीत ठेवणे हा गुन्हा आहे. म्हणून सिमेंटचा वा भाजलेल्या मातीचा खडक ओतून घ्यावा लागतो. या बंधनाचा लाभ असा, की तो खडक मनोऱ्याच्या मापाने पोकळ ओतता येतो आणि सफाईच्या वेळी तुकड्या-तुकड्यांनी उचलता येतो.