एकसरचे वीरगळ

लढाईत पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. शब्द कानडी ‘वीरगल्लु’वरून मराठीत आला, ‘कल्लु’ म्हणजे दगड. तमिळमध्ये अशा दगडाला ‘नडुकल’, म्हणजे रोवलेला दगड म्हणतात, गुजरातेत ‘पाळिया’. महाराष्ट्रात वेशीवर, पारापाशी, शिवमंदिराच्या आवारात ते आढळतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर, तिच्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य असतात. ते आकाशात आहेत तोवर ही आठवण राहावी, हा त्यांचा अर्थ.

मुंबईच्या उपनगरांत या परंपरेचे सर्वांत मोलाचे दगड बोरिवली पश्चिमेच्या एकसर गावात आहेत. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये अशा सहा वीरगळांचे सविस्तर वर्णन आहे. काहींवर जमिनीवरची लढाई आहे, काहींवर समुद्रातली, आणि समुद्रातली लढाई वीरगळावर फारच क्वचित दिसते. एका दगडाच्या तळाशी उंच नाळेची पाच गलबते युद्धाला निघालेली आहेत. प्रत्येकाला एक डोलकाठी आणि बाजूने वल्ह्यांची रांग. शेवटच्या गलबताच्या मागच्या टोकाला स्त्रिया उभ्या आहेत. वरच्या चौकटीत चार गलबतांनी एकाला घेरले आहे आणि त्यावरची माणसे पाण्यात कोसळत आहेत. तिच्या वर मात्र शत्रू उरत नाही. तिथे लिंगपूजा आहे आणि शेवटी शिवपार्वती.

हे युद्ध कोणते, याचे आज सर्वाधिक मान्य असलेले उत्तर पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी मांडले: देवगिरीचा महादेव यादव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांचे, सुमारे 1265 चे. महादेवाकडे हत्तींचे दळ होते, म्हणून सोमेश्वराने समुद्राचा आसरा घेतला, पण तिथेही त्याला गाठण्यात आले. महादेवाच्या दरबारातला हेमाद्री लिहितो की सोमेश्वर समुद्रात बुडाला. त्याच्याबरोबर शिलाहारांची साडेचारशे वर्षांची राजवट संपली.

ही लढाई म्हणजे भाऊबंदकीच होती, असे म्हटल्यास चूक नाही. दोन्ही घराणी आधी राष्ट्रकूटांची मांडलिक, दोघांच्या मुद्रेवर गरुड, आणि शिलाहारांनी अंबरनाथला शिवमंदिर बांधले तसे यादवांच्या राज्यातही शिवालये उभी राहिली. मराठीत आपसातल्या युद्धाला ‘यादवी’ म्हणतात. हा शब्द प्रभासक्षेत्री एकमेकांना मारून संपलेल्या श्रीकृष्णाच्या यादवांवरून आला, आणि देवगिरीचे राजे आपले मूळ त्याच कुळात सांगत.

विजयस्तंभावर जिंकणाऱ्याचे नाव ठळक असते. एकसरच्या दगडांवर ते तसे नाही. एका दगडावर लेख होता, पण तो झिजून वाचण्यापलीकडे गेला आहे. त्यामुळे वर शिवापुढे बसलेला वीर यादवांचा की शिलाहारांचा, हे दगड आता सांगत नाही. गावाने तो प्रश्न कधीच बाजूला ठेवला. राज्ये गेली, पोर्तुगीज आले, इंग्रज आले, आणि या दगडांना एकसरकर देव मानून पूजत राहिले. ज्या युद्धात एक राजवंश बुडाला, त्यातल्या मेलेल्यांना फूल वाहताना कुणी त्यांची बाजू विचारत नाही. समेटाचा शब्दही न कोरलेल्या या दगडांपाशी समेट झाला तो असा.

2022 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या एका स्थानकाला एकसरचेच नाव आहे, तेव्हा तिथे पोहोचणे आता सोपे आहे. मात्र कोरीवकाम आधीच झिजलेले आहे. त्यावर तेल, शेंदूर किंवा रंग चढवू नये, आणि पाहणाऱ्याने सुरुवात तळाच्या गलबतांपासून करावी.