तळघरातली भट्टी

अमेरिकेच्या थंड प्रदेशांत एकोणिसाव्या शतकात घरांच्या तळघरांत कोळशाच्या ओतीव लोखंडी भट्ट्या बसू लागल्या. तापलेली हवा हलकी होऊन जाड नळांतून आपोआप वर चढे. थंड हवा खाली उतरे. धूर मात्र वेगळ्या धुराड्यातून बाहेर जाई. गोठवणाऱ्या पहाटे उठून राख काढायची, फावड्याने कोळसा घालायचा, हे कष्ट घरच्यांचेच. १९१९ मध्ये न्यू जर्सीच्या अ‍ॅलिस पार्कर यांना गॅसवर चालणाऱ्या तापनयंत्रणेचे पेटंट मिळाले. पुढे विजेचा पंखा हवा ढकलू लागला. त्यामुळे नळ बारीक झाले, धूळ अडवणारी गाळणी बसवता आली आणि दूरच्या खोल्याही उबदार झाल्या. तापमान नियंत्रित करणाऱ्या थर्मोस्टॅटने भट्टी पेटवण्या-विझवण्याची चिंता मिटवली. अमेरिकी घरांत आजही भट्टीची गरम हवा पंख्याने नळांतून खेळवण्याची हीच पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे.