अणुऊर्जेसाठी राज्याचा पैसा: शिरूर-दौंडच्या वस्त्यांनी काय समजून घ्यावे?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारच्या महानिर्मिती कंपनीने रशियाच्या ‘रोसाटॉम’ या सरकारी अणुऊर्जा संस्थेशी सामंजस्य करार केला. थोरियमवर चालणारी छोटी अणुभट्टी महाराष्ट्रात विकसित करणे हा त्याचा विषय. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत सह्या झाल्या आणि राज्य सरकारची ‘मित्रा’ ही संस्थाही या कामात आहे. शिरूर-दौंडच्या वाचकांना वाटेल, याच्याशी आपला काय संबंध? संबंध तीन ठिकाणी येतो: विजेचे बिल, जमीन आणि समाजकल्याणाचा निधी. म्हणून हा विषय मुळापासून मांडत आहोत.

छोटी अणुभट्टी आणि थोरियम म्हणजे काय?

साधारण ३०० मेगावॉटपर्यंतच्या अणुभट्टीला छोटी अणुभट्टी म्हणतात. तिचे भाग कारखान्यात तयार करून जागेवर जोडायचे, म्हणजे वेळ आणि खर्च वाचेल, अशी कल्पना आहे. रोसाटॉमने ३५ मेगावॉटच्या दोन भट्ट्या बसवलेले तरंगते वीजकेंद्र रशियाच्या उत्तर टोकाला पेवेक बंदरात २०२० पासून चालवले आहे. तिथले इंधन मात्र युरेनियम आहे.

थोरियम आपल्याकडे केरळ, तामिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनारी वाळूत मुबलक आहे. पण ते थेट ‘जळत’ नाही. भट्टीत न्यूट्रॉन शोषून त्याचे युरेनियम-२३३ व्हावे लागते, मग त्यातून ऊर्जा मिळते. डॉ. होमी भाभांनी आखलेल्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमात थोरियम तिसऱ्या टप्प्यावर आहे. कल्पाक्कमची ‘कामिनी’ ही युरेनियम-२३३ वर चालणारी भट्टी फक्त ३० किलोवॉटची, संशोधनापुरती आहे. म्हणजे हा पैसा तयार यंत्र विकत घेण्याचा नसून संशोधनाचा आहे. संशोधन फसूही शकते, हे धरूनच हिशेब मांडला पाहिजे.

अधिकार कोणाचा?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत अणुऊर्जा केंद्राच्या सूचीत आहे (नोंद ६). वीज समवर्ती सूचीत आहे (नोंद ३८). पाणी आणि जमीन राज्याच्या सूचीत आहेत. भट्टीचा परवाना आणि सुरक्षेची तपासणी केंद्राकडे राहते. राज्य देऊ शकते ते म्हणजे जमीन, पाणी, पुनर्वसन, करसवलत, आपल्या कंपनीचे भांडवल आणि वीजखरेदीची हमी. यातली हमी सर्वात महाग पडू शकते, कारण अर्थसंकल्पात ती खर्च म्हणून लगेच दिसत नाही.

केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा मोहिमेसाठी २०,००० कोटी रुपये जाहीर केले. २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच छोट्या भट्ट्या आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज, हे उद्दिष्ट आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाई कायदा रद्द केला. त्यामुळे खासगी कंपन्यांनाही या क्षेत्रात दार उघडले. अपघात झाल्यास भरपाई कोण आणि किती देणार, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा झाला आहे.

बाहेरचा अनुभव

अमेरिकेत राज्ये यासाठी थेट पैसा देऊ लागली आहेत. टेनेसीने २०२३ मध्ये ५ कोटी डॉलरचा, तर टेक्सासने २०२५ मध्ये ३५ कोटी डॉलरचा निधी उभारला. पण त्याच देशात युटातील वीजसंस्थांनी ‘न्यूस्केल’ कंपनीसोबत आखलेला छोट्या भट्ट्यांचा प्रकल्प नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला. दर हजार युनिटमागे सुमारे ५८ डॉलरचा अंदाज ८९ डॉलरवर गेला होता आणि त्या दराने वीज घ्यायला पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत.

महाराष्ट्राचा अनुभव

देशातले पहिले अणुवीजकेंद्र तारापूरला १९६९ मध्ये सुरू झाले. ते आपल्या अभिमानाचे आहे. पण तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद न्यायालयात गेला. जैतापूरचा ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प अजून उभा राहायचा आहे. तिथल्या आंदोलनात एप्रिल २०११ मध्ये पोलीस गोळीबारात एकाचा जीव गेला.

पैशाचा धडा मात्र दाभोळने दिला. तो अणुप्रकल्प नव्हता, पण परदेशी कंपनी, महाग वीज आणि सरकारी हमी हे सारे त्यात होते. एन्रॉनची ती वीज मंडळाला परवडेना आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्या व्यवहाराचा भार शेवटी जनतेच्या पैशावर आला.

शिरूर-दौंडचा प्रश्न

रांजणगाव आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींना चोवीस तास वीज लागते. भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर ऊस करणाऱ्या शेतकऱ्याला मात्र रात्रपाळीत वीज येते तेव्हा दारे धरायला जावे लागते, तेही बिबट्याच्या भागात. आमच्या वस्त्यांतला माणूस अनेकदा दुसऱ्याच्या शेतात हेच काम मजुरीने करतो. दिवसा वीज ही त्याच्यासाठी जिवाची गोष्ट आहे.

त्यावर राज्याचा चालू उपाय सौर कृषी वाहिनी योजना आहे. तिचा पहिला प्रयोग शिरूरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला झाला. या योजनेत सरकारी आणि गायरान जमीन वापरली जाते. गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांत भूमिहीन दलित मोठ्या संख्येने आहेत. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच जमिनीसाठी होते. सौर असो वा अणू, प्रकल्पासाठी जागा शोधताना सरकारची नजर आधी गायरानावर जाते, हे लक्षात ठेवावे.

दुसरा धोका निधीचा. राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती ११.८ टक्के आहेत आणि तेवढ्या प्रमाणात उपयोजनेचा निधी अपेक्षित असतो. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेसाठी वळवले गेले. खात्याच्या मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. कर्नाटकाने २०१३ मध्ये या निधीसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात त्याची मागणी जुनी आहे. मोठा खर्च आला की कात्री कुठे लागते, हे आपण पाहिले आहे.

बाबासाहेबांची वीजनीती

विजेला विरोध ही आपली परंपरा नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे श्रम खाते होते. सिंचन आणि वीज हे विषय त्याच खात्यात येत. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, दामोदर खोरे योजनेला गती मिळाली. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय शेतीवरचा भार हटून दारिद्र्य जाणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. आम्ही त्याच मापाने हा प्रकल्प मोजतो: वीज स्वस्त होईल का, आणि ती वस्तीपर्यंत पोहोचेल का?

काय विचारावे?

ग्रामसभेत, आमदार-खासदारांकडे आणि माहिती अधिकारात हे प्रश्न विचारता येतात:

- अणुऊर्जेच्या करारावर राज्याने किती खर्च केला आणि तो कोणत्या लेखाशीर्षाखाली?
- वीजखरेदीची किंवा कर्जाची हमी दिली आहे का? दर ठरला आहे का?
- आपल्या तालुक्यातील कोणते गायरान ऊर्जा प्रकल्पांसाठी राखले आहे? कसणाऱ्यांचे काय?
- डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून तालुक्यात किती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांना विहीर, पंप आणि वीजजोडणी मिळाली? किती अर्ज पडून आहेत?

शेवटचा प्रश्न आधी विचारावा असे आम्हाला वाटते. ज्या सरकारला थोरियमवर पैसा लावता येतो, त्याला वस्तीतल्या विहिरीवर मीटर बसवणे अवघड नसावे. कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, तपासून घ्या. अणुऊर्जेची भीती आणि अणुऊर्जेची जाहिरात, दोन्हींना हाच नियम लावू या.

जय भीम! नमो बुद्धाय!